मल्हारी गर्दी करतो

मी आतापर्यंत चार लढायांत मेलो आहे. एकदा छातीत बाण लागून, एकदा हत्तीच्या पायाखाली, एकदा तटावरून उकळतं तेल अंगावर पडून आणि एकदा नुसताच, कुणीही न मारता. त्या चौथ्या मरणाचं कारण मी मल्हारीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, तिथं मेलेली माणसं कमी पडत व्हती. तुम्ही रिकामे व्हता."

मरणारा मी एकटाच नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत असं घर सापडणार नाही, जिथलं कुणी रणांगणावर पडलेलं नाही. दूधवाला पडला, इस्त्रीवाला पडला. शेजारच्या शकुंतलाबाई तर दाढी लावून पडल्या आहेत. त्यांना हे कळलं तेव्हा त्या माहेरची सगळी मंडळी घेऊन सिनेमाला गेल्या आणि भर लढाईत उभ्या राहून ओरडल्या, "ती बघा मी! घोड्याच्या डावीकडं!" पुढच्या रांगेतल्या माणसांना पडद्यावरच्या मुडद्यापेक्षा मागं उभ्या असलेल्या बाई बघण्यात जास्त रस वाटला.

हे सगळं घडवून आणणारा मल्हारी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आयुष्य काढलं. वस्तू जिथल्या तिथं असावी आणि माणूसही जिथला तिथं असावा, एवढीच माझी अपेक्षा असते. मल्हारी राहायला आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टाकीत पाणी चढलं का ते बघायला गच्चीवर गेलो, तर हा आमच्या दूधवाल्याला फिरत्या खुर्चीवर बसवून त्याच्याभोवती कॅमेरा घेऊन घिरट्या घालत होता. दूधवाला साखरपुड्याला बसल्यासारखा हसत होता. "हसू नका," मल्हारी त्याला सांगत होता, "तुमच्यामागं हत्ती लागलाय." मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी आलेला माल तपासायचो तसं त्यानं मला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"काका, चेहरा लई कामाचा हाय तुमचा. बसता का?"

माझ्या चेहऱ्याबद्दल एवढं चांगलं आमच्या घरातसुद्धा कधी कुणी बोललं नव्हतं. मी बसलो. त्याला हरलेल्या सैन्याला शोभणारे चेहरे हवे होते, हे मला फार नंतर कळलं.

सिनेमातल्या लढाईत पुढं जी थोडीफार माणसं धावतात ती खरी असतात. त्यांच्या मागची हजारो, आमच्यासारख्यांचे चेहरे लावून, कॉम्प्युटरवर तयार करतात. ती मागची माणसं तयार करणं हा मल्हारीचा धंदा. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण मल्हारी एका शब्दात काम भागवतो. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की म्हणतो, "गर्दी करतो." हे उत्तर त्यानं पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारालाही दिलं होतं, आणि मग मला बनियनवर बाहेर येऊन त्याच्या चालचलणुकीची हमी द्यावी लागली. जालन्याहून एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी चहा घेता घेता तोच प्रश्न विचारला. मल्हारीनं तेच उत्तर दिलं. त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून विचारलं, "कोणत्या पक्षाकडून?" ते स्थळ पुढं सरकलं नाही.

मल्हारी मूळचा बिडकीनकडचा. घरात आजोबा-पणजोबांपासून मेंढरं. आई तो कॉलेजात असताना गेली. वडील खंडूआबा अजून थोडी मेंढरं राखून आहेत, म्हणजे कारखान्यांच्या कुंपणांमधून जेवढा माळ शिल्लक आहे तेवढ्यावर. मल्हारी शहरात शिकायला आला तो लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका फोटोग्राफरकडं चिकटला. तिथं त्याचं काम होतं फोटोतून नको असलेले नातेवाईक पुसणं आणि रुसून न आलेले मामा शेवटच्या रांगेत उभे करणं. तिथून तो मुंबईला गेला. तिथं त्याला सिनेमातल्या दोऱ्या पुसायला बसवलं. हिरो गच्चीवरून उडी मारतो तेव्हा त्याला दोरी बांधलेली असते, ती कुणीतरी पुसावी लागते. पहिला सिनेमा लागल्यावर मल्हारीनं आबांना मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं.

"यात तुझं काय रं?" आबांनी विचारलं.

"दोरी पुसली, आबा."

"कुठंय दोरी?"

"पुसली ना."

आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग आधी बांधली कशाला?"

दोऱ्या पुसता पुसता तो गर्दीकडं वळला. कॉम्प्युटरमधल्या माणसांना सवयी शिकवाव्या लागतात, म्हणजे कुणाच्या मागं जायचं, कुणाला धक्का द्यायचा नाही, पुढचा थांबला तर काय करायचं. बाकीचे लोक ते पुस्तकांतून शिकले होते. मल्हारीनं आपल्या सैन्याला मेंढरांच्या सवयी लावल्या, आणि ते सैन्य डोंगर असं उतरलं की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. सगळीकडं त्याचं नाव झालं. फक्त एका सिनेमात गडबड झाली. दृश्य भर दुपारचं होतं आणि मल्हारीनं सैन्याला ऊन लागल्यावर काय करायचं तेही शिकवून ठेवलं होतं. मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. सेनापतीनं तलवार उगारून भाषण सुरू केलं आणि मागच्या हजारो वीरांनी हळूहळू वाकून पुढच्याच्या पोटाशी डोकी खुपसली. सगळं ऑफिस हसून लोळलं म्हणे. मल्हारी तेव्हा हसला नाही. "बरोबर हाय त्यांचं," तो मला ही गोष्ट सांगताना म्हणाला, "एवढं ऊन असल्यावर भाषण कोण ऐकतंय?"

पुढं घरून काम करायची सोय झाली आणि तो मुंबई सोडून आमच्याकडं आला. आबा जवळ राहतील म्हणून आलो, असं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जवळ म्हणजे बिडकीन काही लांब नाही, पण याला खोलीबाहेर पडायला वेळ नसे. दिवसाढवळ्या काळे पडदे ओढून हा आत लढाया लावत बसे. आबांना फोन मात्र नेमानं करी. खोलीत रेंज येत नाही म्हणून जिन्यात उभा राहून बोलायचा, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं. ऐकण्यासारखं फारसं नसेच. "आबा, यंदा जत्रेला जमत नाय. व्हय. काम हाय. जेवलो. बरं, ठिवतो." आणि पावलं वर जायची.

याच मल्हारीला दिग्दर्शक व्हायचं होतं. साधासुधा दिग्दर्शक नाही. मोठा सिनेमा, खरे घोडे, उभारलेला किल्ला आणि मधोमध माइक घेऊन मल्हारी. हे त्यानं मला गच्चीवर टाकीला टेकून सांगितलं. मी म्हणालो, "अरे, ती माणसं तुला कशाला एवढा सिनेमा देतील?" त्यावर तो त्याचं ठरलेलं बोलला, "व्हतंय की, काका. का नाय व्हणार?" हे तो टँकर आला नाही तरी म्हणतो, वीज गेली तरी म्हणतो, आणि जालन्याचं स्थळ गेलं तेव्हाही म्हणाला होता.

त्यानं गोष्ट लिहिली. एका साध्या सैनिकाची गोष्ट होती. ती घेऊन तो मुंबईला निर्मात्यांच्या दारात बसला. एकानं हाकललं, दुसऱ्यानं चहा पाजून हाकललं. तिसऱ्यानं मात्र पूर्ण ऐकून घेतली आणि स्पष्ट सांगितलं, "लढाई तू चांगली करशील, यात शंका नाही. पण तुला गर्दी येते, माणूस येत नाही. एक खोली, एक माणूस, कॉम्प्युटरची कसलीही करामत नाही, असं काहीतरी करून दाखव. मला तो माणूस खरा वाटला तर सिनेमा तुझा. नाहीतर आमच्याकडं गर्दी करायला ये."

मल्हारी परत आला तो थेट आमच्या बैठकीत. दप्तर टाकलं आणि म्हणाला, "काका, तुमची खोली पायजे. आन एक माणूस."

माणूस म्हणून पहिला मीच मिळालो. मला मुलाचं पत्र वाचून दुःखी व्हायचं होतं. आता मल्हारीनं आजवर ज्यांना हुकूम दिले ती माणसं हुकमाची ताबेदार. त्यांना आकडा दिला की काम झालं. तो मलाही म्हणायला लागला, "काका, मान थोडी डावीकडं. अजून. हां. आता दुःख जरा कमी करा. एवढं नाय, अर्ध्यावर आणा." मी दुःख अर्ध्यावर आणलं तर तो म्हणाला, तुम्हाला झोप आल्यासारखं दिसतंय. माझ्यानंतर शकुंतलाबाई झाल्या. त्यांना रडायचं होतं. त्या एकदा सुरू झाल्या त्या थांबेचनात. सासूपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सासर रडून काढलं, आणि मल्हारी कॅमेऱ्यामागून "आवाज कमी, आवाज कमी" असे हात करत बसला. इस्त्रीवाला झाला, दूधवाला झाला. मल्हारी रोज चित्रीकरण करायचा, रोज बघायचा आणि पुसून टाकायचा. "मेलेलं हाय सगळं," म्हणायचा. "हलतंय, पण मेलेलं हाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर. गडी जिद्दीचा. निर्मात्यानं दिलेली मुदत संपत आली होती. त्याची दाढी वाढली, डोळे खोल गेले, पण तोंडातलं "व्हतंय की" काही सुटलं नाही.

शेवटी त्यानं आबांना आणलं. खंडूआबा आमच्या बैठकीत आले तेव्हा डोक्याला पटका, अंगात कोपरी, खांद्यावर उपरणं आणि खिशात बटणांचा फोन. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी ती हातानं झटकली. मल्हारीनं त्यांना समजावलं की एक म्हातारा आहे, त्याला मुलाचा फोन येतो की मला यायला जमत नाही, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटतं.

"वाईट कामून वाटतंय त्याला?" आबांनी विचारलं.

"पोरगं येत नाय म्हणून."

"काम असंल की त्याला."

हे ऐकून मल्हारी कॅमेऱ्यामागं गेला. "ॲक्शन!" तो ओरडला.

"व्हय, बोल," आबा म्हणाले.

"आबा, ते तुम्हाला नाय. तुम्ही नुसतं सुरू करायचं."

"बरं."

"ॲक्शन!"

"हां, बोल की."

आयुष्यभर हाकेला ओ देत आलेला माणूस तो, कुणी ओरडलं की उत्तर देणारच. दुपारपर्यंत हे चाललं. माझी बायको सुमन भाकरी टाकता टाकता हा तमाशा बघत होती. ती पीठ भरल्या हातांनी बाहेर आली आणि मल्हारीला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "अरे, त्यांना नाटक करायला लावतोस कशाला? आणि तू त्यांच्याकडं बघतोस तरी कुठं? सकाळपासून त्या पडद्याकडंच बघतोयस."

मल्हारीनं हातातला कॅमेऱ्याचा छोटा पडदा ओट्यावर ठेवला. मग बाहेर जाऊन म्हणाला, "झालं, आबा. शूटिंग संपलं. तुम्ही बसा निवांत. मी शेंद्र्याला जाऊन येतो, मग संगं जेवू." कॅमेरा त्यानं चालूच ठेवला. पुढच्या दारानं बाहेर पडला, बोळातून फिरून मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आला. कॅमेऱ्यातलं चित्र त्याच्या हातातल्या छोट्या पडद्यावर दिसत होतं. मी आणि सुमन त्याच्या खांद्यावरून बघत होतो. आबा खुर्चीत बसून आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मल्हारीनं फोन लावला आणि तोंडाशी हात धरून हळू बोलला.

"आबा, मी अडकलोय इकडं. आज जमत नाय यायला. तुम्ही जेवून घ्या. काका बसवून देतील बिडकीनच्या गाडीत."

"बरं," आबा म्हणाले. "काम असंल."

"व्हय."

"जेवलास का?"

"जेवलो."

"बरं, ठिव मग."

"ठिवतो," मल्हारी म्हणाला, आणि त्याचा अंगठा सवयीनं बटणाकडं गेला. तिथं थांबला. पडद्यावर आबांनी फोन कानावरून काढला नव्हता. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, तो आधीपेक्षा मोकळा होता.

"तर काय सांगत व्हतो... लाल मेंढीला जुळं झालं. एक पांढरं हाय, एक काळं. काळं लई द्वाड, तुझ्यासारखं. दूध प्याया येतंय आन पळून जातंय. तुझ्या आईनं लावलेला लिंब काढला रं, तिथनं रस्ता व्हायलाय. सांगावं म्हणलं व्हतं तुला, पण तू कामात. आन तुझा सिनेमा बघितला पुतण्याच्या मोबाईलमदी. सगळी मेली की रं. तुझे हे खालचे काका बी मेले. म्या लई हुडकलं तुला त्यात, त्या मेलेल्यात. तू नव्हतास. बरं वाटलं." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "गुडघा दुखतोय, पण चालतंय. तू ये म्हणत नाय मी. जमलं तर ये. मी हाय हितंच."

मग त्यांनी फोन कानावरून काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि खिशात ठेवला.

इकडं स्वयंपाकघरात सुमननं तोंडाला पदर लावला होता. मल्हारी दोन्ही हातांनी तो पडदा धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला फार वाईट वाटलं आणि त्याचा अभिमानही वाटला, एकाच वेळी. त्यानं नळाखाली तोंड धुतलं, मागच्या दारानं बाहेर गेला आणि पुढच्या दारानं आत आला. "काम लवकर झालं, आबा," म्हणाला. "बरं झालं," आबा म्हणाले, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.

निर्मात्याला त्यानं हेच पाठवलं, पण फोन ठेवायचं बोलणं झाल्यानंतरचा आवाज काढून टाकला. पडद्यावर नुसते म्हाताऱ्याचे ओठ हलताना दिसत होते. निर्मात्यानं विचारलं, तो काय बोलतोय? मल्हारी म्हणाला, "ते माझं हाय. सिनेमा द्या नायतर नका देऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं "व्हतंय की" म्हटलं नाही, आणि नेमकं तेव्हाच झालं.

आता तो खरोखर मोठ्या सिनेमाचा दिग्दर्शक आहे. खुलताबादच्या पुढं माळावर किल्ला उभा केला आहे, आणि मला तिथं बोलावून खुर्ची देण्यात आली. मी गेलो तेव्हा घोडे सजले होते, क्रेन वर गेली होती, गावोगावची माणसं भाले घेऊन उन्हात उभी होती, पण सगळं ठप्प होतं. दिग्दर्शक एका बाजूला कानाला फोन लावून उभा होता. एक शब्द बोलत नव्हता. नुसता ऐकत होता. निर्मात्याचा माणूस घाम पुसत माझ्याकडं आला. "अंकल, सर रोज ऐसा करते हैं. फोन पे किसको सुनते हैं? खुद तो कुछ बोलते नहीं." मी म्हणालो, "चलने दो. घर का फोन है." मल्हारी "ठिवतो" म्हणतो आणि आता कधीच ठेवत नाही. आबा बोलत राहतात, आणि आपण बंद फोनवर बोलतोय असं त्यांना वाटतं, अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी बिडकीनला गेलो होतो, तसाच आबांकडं गेलो. ते मेंढरांना पाणी पाजत होते. माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "आबा, फोन ठेवल्यावर तुम्ही कुणाशी बोलता हो?"

आबांनी आधी एका कोकराला बाजूला सारलं.

"आधी बंद फोनातच बोलायचो, भाऊ. ते टूं टूं वाजायचं, आन म्या आपलं बोलत ऱ्हायचो. तुमच्या घरी त्या दिवशी टूं टूं झालंच नाय. उलट श्वास ऐकू आला. म्या कळपात राती काढलेला माणूस. माझ्या पोराचा श्वास मला वळखू येत नाय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं? मग तेव्हाच बोलला का नाहीत त्याला?"

"लई वर्सांनी ऐकत व्हता, भाऊ. मधी कशाला बोलू?" ते म्हणाले. मग जवळ आले आणि, मेंढरांनाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "तुम्ही बी सांगू नका त्याला. लाजंल, आन फोन ठिवून देईल."